स्टारड्यू व्हॅली: टिलर घ्या, रँचर नको

पावसात फोंड्याला घरात अडकलो की करायचं काय, म्हणून भावाच्या सांगण्यावरून हा २०१६चा शेतीचा गेम घेतला आणि आता रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. गेम मस्तच आहे, पण माझी पहिली चूक सांगतो. फार्मिंग लेव्हल ५ला पेशा निवडायला लावतात, रँचर (जनावरांवाला) की टिलर (पिकांवाला), आणि मी अंडी-दूध २० टक्के महाग विकतं हे बघून रँचर घेतला, कोंबड्या होत्या किती तर चार! टिलरला पिकावर १० टक्केच जास्त मिळतात म्हणून कमी वाटतं, पण खरी गंमत लेव्हल १०ला, टिलर असेल तरच पुढे आर्टिझन हा पेशा मिळतो आणि वाईन, चीज, जॅम सगळं ४० टक्के महाग विकतं. स्टारफ्रूट साधं ७५० गोल्डला (गेममधले पैसे) जातं, पिंपात टाकून आठवडाभर थांबलं की वाईन २२५०, आर्टिझन असेल तर तीच ३१५०. अरे काजूचा रस तसाच विकायचा की हुराक (काजूची दारू) काढायचा, हे गोंयकाराला वेगळं शिकवायला नको ना!

आर्टिझनऐवजी अ‍ॅग्रिकल्चरिस्ट घेता येतो, त्याने पीक १० टक्के लवकर येतं, मला तरी काही विशेष वाटला नाही. मासेमारीतही असेच पेशे आहेत, तिथे मासे महाग विकणारा फिशर घ्या, मग अँगलर, बस.

निवड चुकलीच तर गेममधल्या गटारातल्या पुतळ्याला १०,००० गोल्ड देऊन पेशा बदलता येतो, मी दिले, पण गटाराची चावी मिळायला म्युझियमला ६० वस्तू द्याव्या लागतात, तोपर्यंत बसा अंडी विकत.