डायलिसिस केंद्रातील आहारसल्ला: सोलापुरातील एका सेवेविषयी अभिप्राय

माझे वडील सोलापुरातील ज्या खासगी केंद्रात डायलिसिस घेतात, तेथील आहारसल्ल्याची सेवा मला नव्या यंत्रांपेक्षाही मोलाची वाटते. मूत्रपिंडाचा विकार कळल्यापासून त्यांनी डाळ आणि अंडी जवळजवळ सोडली होती. परंतु हिमोडायलिसिसच्या (यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या) प्रत्येक सत्रात रक्तातील काही ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जातात, म्हणून आता दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, हे आहारतज्ज्ञ ताईंनी त्यांना शांतपणे पटवून दिले. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन घटले की खाणे कमी पडले एवढाच अर्थ न काढता त्या डॉक्टरांशी सीआरपी या शरीरातील दाह (इन्फ्लमेशन) दाखवणाऱ्या रक्ततपासणीविषयी बोलतात, कारण असा दाह भूक मारतो, स्नायू झिजवतो आणि यकृतात अल्ब्युमिन तयार होण्याचे प्रमाणही कमी करतो. त्यामागे कॅथेटरचा (डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या नळीचा) संसर्ग किंवा हिरड्यांचा विकारही असू शकतो. अशा वेळी नुसती प्रोटीन पावडर वाढवून भागत नाही.

ज्वारीची भाकरी ताईंनी बंद केली नाही, अंड्याचा पांढरा भाग वाढवला. शेंगदाण्याची चटणी मात्र पोटॅशियम, फॉस्फरस आणि मिठामुळे अगदी थोडी. सोलापूरच्या माणसाला हे सांगणे अवघड, पण त्यांनी ते वडिलांचा मान राखून सांगितले.

उणीव एकच, परंतु गंभीर आहे: ताई सकाळीच येत असल्याने रात्रीच्या पाळीतील रुग्णांना हा सल्ला मिळत नाही. व्यवस्थापनाने त्यांच्यासाठीही वेळ ठेवावा.