इंदूरात डायल फोन आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच टेबलावर दुरुस्त करणारं दुकान

महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत, वायर आणि स्विचच्या ठोक दुकानांच्या गर्दीत हे छोटं दुकान आहे. पाटीवर एवढंच लिहिलंय: टेलिफोन, टेप, गिटार. भिंतीवर लेड झेपलिन या रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेजचा जुना फोटो आणि त्याखाली फळीवर ओळीने काळे बॅकेलाइटचे फोन, बहुतेक बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे (आयटीआय). हा मेळ उगाच जमवलेला नाही. गिटारच्या केबलचा 6.35 मिलिमीटरचा प्लग मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजचा. ऑपरेटर दोन लाइनी जोडायला बोर्डात जो खुपसत, तोच हा. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने पोरवयात टेलिफोनचा भाग काढून गिटारच्या तारांखाली बसवला होता आणि आवाज रेडिओतून काढला होता. त्याच्याच नावाची 1959 सालची गिब्सन कंपनीची गिटार पेजने 1969 मध्ये गिटारवादक जो वॉल्शकडून घेतली. फोनच्या रिसीव्हरमध्ये चुंबक, कॉइल आणि लोखंडाची पातळ चकती असते. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागात, चुंबक आणि कॉइल तसेच राहतात, चकतीच्या जागी पोलादी तार येते. म्हणून फोनच्या कॉइलवर हात बसलेला कारागीर पिकअपलाही घाबरत नाही.

या दुकानाचं खरं काम पाहायचं तर डायलचं. ‘डायल जड झालीय’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी वरून तेल सोडतात. तात्पुरतं बरं वाटतं. मग त्या तेलावर धूळ बसते आणि डायल आधीपेक्षा मंद होते. इथे डायल बाहेर काढतात, मागचा गव्हर्नर (परततानाचा वेग आवरणारा भाग) उघडतात आणि जुनं, मधासारखं घट्ट झालेलं तेल स्पिरिटने पूर्ण धुतात. मग घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, तोही फक्त दांड्यांच्या टोकांना. गव्हर्नरची छोटी वजनं जिथे घासून वेग आवरतात, तिथे तेल अजिबात नाही. तिथे तेल गेलं तर डायल सुसाट परतते आणि एक्सचेंजला आकडे मोजता येत नाहीत.

डायल परतताना लाइनवर आकड्याइतके विजेचे ठोके जातात, ते पल्स. वेग हवा सेकंदाला 10 पल्स. शून्य फिरवलं की 10 पल्स जातात, म्हणजे बोट सोडल्यापासून डायल जागेवर यायला एक ते सव्वा सेकंद लागायला हवा. फोन घेताना मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हे दुकानातच पाहा. दीड सेकंदाच्या वर गेलं तर परत टेबलावर ठेवायला सांगा. परततानाचा आवाजही ऐका: सलग एकसारखी घरघर हवी, मध्ये अडखळली तर दात्यात मळ राहिलाय.

घंटीचंही काम चांगलं. दोन्ही वाट्यांची भोकं मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला असतात. स्क्रू सैल करून वाटी फिरवली की ठोक्यापासूनचं अंतर कमी-जास्त होतं. आवाज बसका येत असेल तर निम्म्या वेळा एवढंच कारण असतं, कॉइल ठणठणीत असते. बोलायच्या बाजूची कार्बनची डबीही इथे ऊठसूट बदलत नाहीत. दाणे एकमेकांना चिकटून बसले की आवाज खोल जातो. डबी काढून हलकेच ठोकली की ते मोकळे होतात. आत ओल शिरली असेल तरच नवी. तिच्या जागी आधुनिक माइक बसवून मिळतो, पण तो घेऊ नये. कार्बनचा तो किंचित खरखरीत, जवळचा आवाज हाच तर जुन्या फोनचा जीव आहे.

गिटारकडे वळलं तर सगळ्यात जास्त येणारी तक्रार जॅकची. नट सैल होतो, केबल लावताना आख्खा जॅक फिरतो आणि आतली वायर पिळून तुटते. इथे नुसता सोल्डरचा डाग देऊन सोडत नाहीत. दातेरी वॉशर घालतात, संपर्काची पाती वाकवून पुन्हा ताणावर आणतात. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रेझिस्टर) खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर. बदलायचाच झाला तर दोन कॉइलच्या पिकअपला (हंबकर) 500 किलोओहम, एका कॉइलच्या पिकअपला 250, हे न विचारता बरोबर लावतात. पिकअप शिट्टी मारत असेल तर ते मेणात बुडवून देतात: पॅराफिन जास्त, मधमाशांचं मेण थोडं, तापमान साधारण 65 अंश. त्याहून फार तापवलं तर प्लास्टिकची बॉबिन (कॉइल गुंडाळायची रीळ) वाकते, म्हणून भांडं थेट शेगडीवर न ठेवता गरम पाण्यात ठेवतात आणि थर्मामीटर आतच असतो. मेण कॉइलच्या वेढ्यांमध्ये मुरलं की ते हलायचे थांबतात आणि शिट्टी जाते.

सगळ्यात मोठी उणीव चाचणीची. फोनची चाचणी इथे दुकानातल्या इंटरकॉमच्या जुन्या एक्सचेंजवर होते आणि त्याला पल्स कळतात. घरी फायबर इंटरनेटच्या डब्याला जोडलं की पुष्कळदा नुसता येणारा फोन घेता येतो. डायल फिरवून नंबर लागत नाही, कारण पुष्कळ डब्यांना फक्त टोन, म्हणजे बटणाच्या फोनचे सूर, समजतात. त्यासाठी पल्सचं टोन करणारा कन्व्हर्टर मध्ये लागतो. तो दुकानात मिळत नाही आणि आपणहून कुणी सांगतही नाही. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं. घंटीचंही तेच: जुन्या यांत्रिक घंटीला 75 व्होल्टच्या आसपासची एसी लागते, छोट्या डब्याला ती ओढताना दम लागतो आणि घंटी कुजबुजल्यासारखी वाजते. एका डब्यावर असा एकच फोन लावा, दुसरा समांतर जोडू नका.

वायरीबाबतही आधीच बोलून घ्या. कापडी विणीची मूळ वायर तुटली असेल तर गुपचूप काळी प्लास्टिकची लावतात. मूळ वायर बहुधा टोकालाच तुटते. चार बोटं कापून पुन्हा टोकं बसवता येतात, पण ते आपण मागावं लागतं. बॅकेलाइटला पॉलिश करून घ्या, पण अमोनियाचं क्लीनर लावू देऊ नका, चकाकी जाऊ शकते.

काम सावकाश चालतं आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. फोन देताना फोनची बॉडी, रिसीव्हर आणि वायर या तिन्हींचे फोटो काढून ठेवा. गिटार असेल तर तारा सैल करून, केबलसकट द्या. निम्म्या वेळा दोष केबलमध्येच निघतो आणि तो तिथल्या तिथे, तुमच्यासमोर दुरुस्त होतो.