भुलीच्या बॅगेतले दोन डबे: एक डोळे मिटून घ्या, दुसरा विचार करून

कणकवली-कुडाळ पट्ट्यात भूल द्यायला फिरणाऱ्या आमच्यासारख्यांचं अर्धं थिएटर गाडीच्या डिकीत असतं. त्यातल्या दोन डब्यांबद्दल नवीन भूलतज्ज्ञ सारखे विचारतात.

पहिला नर्व्ह स्टिम्युलेटर, नसेला विजेचे झटके देऊन स्नायू किती ढिले पडलेत ते दाखवणारा. मुठीत मावतो, सेलवर चालतो, म्हणजे लाईट गेली तरी चिंता नाही. मनगटाशी करंगळीच्या बाजूला, अल्नर नर्व्हवर, ईसीजीचेच दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि बटण दाबायचं. दोन सेकंदांत चार झटके. रिलॅक्संट (स्नायू ढिले पाडणारं औषध) दिलेलं नसेल तर अंगठा चारही वेळा सारखाच आत ओढला जातो. औषध चढू लागलं की चौथा झटका आधी मंदावतो, मग नाहीसा होतो, मग तिसरा. उतरताना उलट क्रम. रापणीवर (किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायला) राबणाऱ्या माणसाचं मनगट असेल तर आधी स्पिरिटने खसाखसा पुसून कोरडं करा, नाहीतर ५०-६० मिलिअँपिअरलाही अंगठा ढिम्म.

साध्या मॉडेलची खोट एकच, पण मोठी. श्वासाची नळी काढायची तर चौथा झटका पहिल्याच्या निदान ०.९ पट हवा. डोळ्यांना मात्र ०.४ च्या पुढे फरकच कळत नाही. त्यामुळे अंगठ्यावर सेन्सर बसवून आकडा देणारंच मॉडेल घ्या. माझं साधं आहे. पावसाळ्यात सेलच्या पट्टीवर हिरवा गंज धरतो आणि डीलरचं उत्तर ठरलेलं: 'पाठवून द्या, बघतो.'

दुसरा बीआयएस मॉनिटर. कपाळावर पट्टी लावली की मेंदूच्या विद्युतलहरींवरून शुद्धीचा आकडा देतो, ० ते १००. ऑपरेशनला ४० ते ६० हवा. 'डॉक्टरांनू, माका मधीच जाग येतली काय ओ?' असं विचारणाऱ्या पेशंटला सांगायला बरा. पण केटामिन हे भुलीचं औषध दिलंत तर माणूस गाढ असूनही आकडा वर चढतो. कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं उपकरण) सुरू झाली की त्याचा भरवसा नाही, आणि सर्जनची नजर नेमकी तेव्हाच स्क्रीनवर! याच्या उलट प्रकार अधिक भयंकर. २००३ मध्ये पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना नुसतं रिलॅक्संट दिलं, तर आकडा भुलीच्या पातळीपर्यंत खाली आला. माणूस आत टक्क जागा!

तरीही डबा टाकाऊ नाही. २००४ च्या चाचणीत, मध्येच जाग येण्याचा धोका जास्त असलेल्या २४६३ पेशंटांपैकी बीआयएस लावलेल्या गटात दोघांना जाग आली, न लावलेल्या गटात ११ जणांना. पुढे २००८ मध्ये उच्छ्वासातल्या भुलीच्या वायूचं प्रमाण बघून दिलेल्या भुलीशी तुलना झाली, तेव्हा दोन्हीकडे दोन-दोन. म्हणून गॅस मॉनिटर असलेल्या थिएटरात मी बीआयएस डिकीतून काढतसुद्धा नाही. नुसत्या प्रोपोफॉलवर (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध), रिलॅक्संट देऊन लांबलचक केस चालवायची असेल तर मात्र काढते. पट्टी एका पेशंटपुरतीच, आणि ती बिलात घालताना छोट्या हॉस्पिटलवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

त्यांच्यासाठी भूलतज्ज्ञ टन्स्टॉल यांची १९७७ ची युक्ती आहेच: रिलॅक्संटच्या आधी दंडाला बीपीचा पट्टा फुगवून बांधायचा, म्हणजे तेवढा हात हलता राहतो, आणि मग विचारायचं, 'मावशी, ऐकू येतंय? माझा हात दाबा बघू.' पट्टा फार वेळ फुगवून ठेवता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

पैसे एकाच डब्याचे असतील तर अंगठ्याचाच घ्या, आणि जूनपासून सेल बाहेर काढून ठेवा.