फ्रीकॅड १.० : ड्रॉइंग शिकणाऱ्यांच्या नजरेतून

अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षात संगणकावर ड्रॉइंगचा हात बसवायचा असेल, तर फ्रीकॅड हे आकृत्या आणि घनाकृती रचण्याचे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर जरूर वापरून पाहावे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. यातील स्केचरची (सपाट आकृती काढण्याच्या भागाची) शिस्त मला विशेष आवडली. रेषा नुसती ओढून भागत नाही; मापे आणि बंधने (रेषांचे आपसातले संबंध) पुरेशी दिल्यावरच आकृती हिरवी होते, आणि एखादे माप राहिले असेल तर रेषा माउसने ओढताच सरकते, त्यामुळे काय राहिले हे विद्यार्थ्याला स्वतःच हुडकावे लागते. टेकड्रॉ या ड्रॉइंगचे शीट तयार करणाऱ्या भागात घनाकृतीवरून समोरचे, वरचे आणि बाजूचे अशी तिन्ही दृश्ये आयती मिळतात (वस्तू डोळ्यांपुढे उभी करण्याचा सराव मात्र त्याने होत नाही, तेव्हा शीट आधी हाताने, ड्रॉइंग बोर्डावरच्या ड्राफ्टरनेच काढावे). टेकड्रॉमध्ये प्रक्षेपणाची, म्हणजे दृश्ये कागदावर मांडण्याची, पद्धत तपासून घ्यावी, कारण आपल्याकडील प्रथम कोन पद्धतीत वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. वर्कबेंच (एकेका कामासाठीचा साधनसंच) बदलताच टूलबार बदलतो, याने नवखा गोंधळतो. आधीचे स्केच बदलल्यावर पुढची रचना कोलमडण्याचा जुना त्रास या आवृत्तीत बराच कमी झाला असला, तरी पुरता गेलेला नाही.