सामान टेम्पोत, आपण सायकलवर: श्रीवर्धन ते गणपतीपुळे

कोकण किनारा सायकलने करायचा म्हटलं की सगळे समुद्राचं विचारतात. विचारायला हवं ते खाड्यांचं आणि सड्यांचं, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारांचं. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, प्रत्येक नदीच्या मुखाशी उतरायचं, फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे पाय टेकले की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढ सुरू. सामान लादून हे करण्यात मजा उरत नाही. म्हणून मी आणि माझ्या नणंदेनं एका छोट्या कंपनीची गाईडविना सहल घेतली. सायकली त्यांच्या, मुक्काम त्यांनी ठरवलेले, बॅगा टेम्पोतून पुढच्या गावी, रस्ता मात्र आपला आपण कापायचा.

सायकलींवर मी बेहद्द खूश आहे. मागचं सगळ्यात मोठं गिअरचक्र चांगलं बशीएवढं होतं, त्यामुळे दाभोळची फेरीबोट उतरल्यावर धोपाव्याचा चढ दोघींनी न उतरता काढला. ब्रेकही नवे. उताराला वळणावर वाळू किंवा खडी असते, तिथे त्याची किंमत कळते.

मोबाईलवर दिलेला नकाशाही विचार करून आखलेला. आडे ते आंजर्ले हा समुद्राला अगदी चिकटून जाणारा तुकडा त्यांनी सकाळच्या उन्हात ठेवलाय. वाहनं तुरळक, एका हाताला सुरू, दुसऱ्या हाताला लाटा. इथे घाई करू नका. कड्यावरच्या गणपतीला चढून जा, खाली पाहिलं की खाडीचं मुख आणि समोर सुवर्णदुर्ग दिसतो. मुक्कामाच्या घरी घावन आणि नारळाचा रस होता. आम्ही दोघींनी मागून मागून खाल्लं.

तक्रार एकच, पण ती महत्त्वाची आहे. पॅकेजमधलं खाडीतलं कयाकिंग त्यांनी द्वितीयेला सकाळी आठला ठेवलं होतं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणजे द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास आणि सकाळी साडेसातला ठणठणीत ओहोटी, तीही उधाणाच्या दिवसांतली. खाडीत नुसता चिखल. बगळे तेवढे निवांत चरत होते. फोन केल्यावर त्यांनी दुपारची वेळ देऊ केली, पण आम्हाला दाभोळ गाठायचं होतं. त्या भागाचे पैसे परत मिळायला हवेत, तसं मी त्यांना लेखी कळवलंय. पाण्यातले खेळ विकणाऱ्यानं पंचांग पाहिलंच पाहिजे.

तरीही सहल जरूर घ्या, विशेषतः ज्यांना घोळक्यात सायकल चालवायला आवडत नाही त्यांनी. हर्णैला मात्र एक मुक्काम वाढवून मागा. बंदरावरचा मासळीचा लिलाव संध्याकाळी रंगतो आणि त्यांच्या आखणीत तोवर आपण पुढे निघालेले असतो. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा. मार्चपासून सडा सकाळी दहालाच तापतो आणि वर सावलीला झाड सापडत नाही.