पिरोज्याच्या मुठीचा चाकू: सहीचा, कार्यशाळेचा की नुसता ‘नवाहो स्टाइल’?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात गॅलपला किंवा सांता फेला गेलात की दुकानांच्या काचेखाली हे घडीचे चाकू दिसतात. निळा पिरोजा, लाल पोवळं, काळा जेट आणि मधे चांदीसारख्या बारीक पट्ट्या. एकाची किंमत साध्या चाकूच्या जवळपास, शेजारच्याची त्याच्या कितीतरी पट. लांबून दोन्ही सारखेच.

पात्यावरून ठरवायला जाल तर फसाल, कारण पातं बहुतेक वेळा फॅक्टरीचंच असतं. कारागीर बक, केस, केरशॉ किंवा स्पायडर्को अशा कंपनीचा तयार चाकू घेतो आणि फक्त मूठ बदलतो. बक ११० हे याचं नेहमीचं उदाहरण. १९६४ पासूनचा हा चाकू, पातं पावणेचार इंचांचं, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ आणि मधे लाकूड. लाकूड काढलं की पितळाच्या मधली जागा आयतीच मिळते. तिथे दगडाच्या चकत्या बसवायच्या, चकत्यांमधे धातूच्या पट्ट्या, इपॉक्सीने चिकटवायचं आणि मग पाणी सोडत हिऱ्याच्या चाकावर सगळं एका पातळीत आणायचं. पट्ट्या बहुधा निकेल सिल्व्हरच्या असतात. त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. दुकानदार ‘सिल्व्हर’ म्हणाला तर ‘स्टर्लिंग का?’, म्हणजे खरी चांदी का, एवढं विचारावं.

खरी परीक्षा घासण्यात आहे. पिरोज्याचा कठीणपणा मोह्‌स मापावर ५ ते ६, पोवळं ३ ते ४ च्या आसपास, जेट तर दगडी कोळशाचा भाऊबंद, तोही मऊच. एकाच चाकावर तिघांना धरलं तर मऊ दगड आधी झिजतो आणि मुठीवर बारीक लाटा उठतात. म्हणून डोळे मिटून अंगठा मुठीवरून आडवा फिरवा. सांधे लागले नाहीत तर हात सराईत आहे. मी किमतीच्या चिठ्ठीआधी हेच बघतो.

आता तीन पर्याय.

पहिला, नवाहो या तिथल्या आदिवासी जमातीच्या कारागिराच्या नावाचा चाकू. बकच्या चाकूंवरच्या अशा कामात डेव्हिड यलोहॉर्स हे नाव संग्राहकांमधे सर्वांत ओळखीचं. इथे तुम्ही माणसाच्या हाताचे पैसे देता. रंगांनाही अर्थ असू शकतो: नवाहो परंपरेत पूर्वेच्या पर्वताचा पांढरा शिंपला, दक्षिणेचा पिरोजा, पश्चिमेचा अबालोनी शिंपला, उत्तरेचा काळा जेट. हे चारही एका मुठीत दिसले तर तो योगायोग नसावा. मात्र दगड पट्ट्यांच्या चौकटीत बसवण्याच्या कामात शेजारच्या झुनी लोकांचा हातखंडा मोठा. नवाहोंची जुनी ओळख चांदीवरच्या ठशांची आणि विणकामाची. त्यामुळे ‘अस्सल प्राचीन नवाहो पद्धत’ हे वाक्य ऐकलं की मी जरा सावध होतो.

दुसरा, कार्यशाळेचा. सांता फे स्टोनवर्क्स हे ठळक नाव. पिरोज्याबरोबर मॅमथचा दातसुद्धा बसवतात. जडावकाम नेटकं, पण वस्तू कार्यशाळेच्या नावाने विकली जाते. रोज खिशात ठेवायला हलका, आधुनिक चाकू हवा असेल तर इथे निवड जास्त. बक ११० चं वजन सुमारे २०० ग्रॅम, पँटच्या खिशात ते चांगलंच जाणवतं.

तिसरा, ‘नवाहो स्टाइल’. बहुतेकदा रंगवलेला हाऊलाइट, म्हणजे एक पांढरा दगड, नाहीतर पिरोज्याची भुकटी रेझिनमधे घट्ट केलेला ठोकळा. स्वस्त आहे, दिसतो छान आणि ठोकळ्याचा असेल तर खाली पडल्यावर दगडापेक्षा बरा टिकतो. त्यात फसवणूक नाही, जोवर विकणारा ‘स्टाइल’ हा शब्द गाळत नाही. तो गाळून परक्याचं काम आदिवासी कारागिराचं म्हणून विकणं हा अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून महाग चाकू घेताना कारागिराचं नाव, त्याची जमात आणि दगड नैसर्गिक, स्टॅबिलाइज्ड की ठोकळ्याचा, हे बिलावर लिहून मागा. खरा विक्रेता का-कू करत नाही. स्टॅबिलाइज्ड, म्हणजे रेझिन मुरवलेला पिरोजा असेल तर नाक मुरडू नका. चाकूच्या मुठीला तोच सोसतो.

माझं मत विचाराल तर भेट द्यायला किंवा जपून ठेवायला पहिला, वापरायला दुसरा. आंबे कापायला यातला एकही नको, साधा लाकडी मुठीचा बरा. मूठ बदलली की मूळ कंपनीची वॉरंटी सहसा जाते, हेही हिशेबात धरा.

घेतल्यावर बिजागरीला तेल देताना टाचणीच्या टोकाने थेंबच द्या. नैसर्गिक पिरोजा तेल पितो आणि निळ्याचा हिरवट होतो. अमोनियाचा क्लीनर आणि डिशवॉशर वर्ज्य. आणि भारतात परतताना चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत राहिला तर तो विमानतळावरच सोडावा लागेल.