लठ्ठ रुग्णाच्या हाताची शस्त्रक्रिया: सुप्राक्लॅव्हिक्युलर, इन्फ्राक्लॅव्हिक्युलर की ॲक्झिलरी ब्लॉक?

ब्लॉक म्हणजे सोनोग्राफीत सुई पाहत नर्व्हजवळ बधिर करणारे औषध सोडणे: सुप्राक्लॅव्हिक्युलर कॉलरबोनच्या वर, इन्फ्राक्लॅव्हिक्युलर तिच्या खाली, ॲक्झिलरी काखेत. कोपराखालच्या शस्त्रक्रियेला तिन्ही ब्लॉक चालतात. लठ्ठ रुग्णात मात्र आधी श्वासाचा विचार करायचा, मग सुई किती खोल जाणार याचा.

सुप्राक्लॅव्हिक्युलर मोहात पाडतो. नर्व्हचा गुच्छ तुलनेने त्वचेजवळ असतो आणि जवळपास सगळा हात लवकर बधिर होतो. पण २०–३० मिली औषध वर पसरून डायफ्रॅम (श्वासाचा पडदा) हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हपर्यंत पोहोचते आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांत त्या बाजूचा डायफ्रॅम ढिला पडतो. आडवे झाल्यावर फुफ्फुसातला हवेचा साठा आधीच घटलेला असतो, त्यात ही भर. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणे) असेल तर आम्ही हा ब्लॉक टाळतो. सुईचे टोक दिसेनासे झाले तर खाली प्ल्युरा (फुफ्फुसाचे आवरण) आहे, हेही विसरू नये.

इन्फ्राक्लॅव्हिक्युलरमध्ये डायफ्रॅम बहुतेक वेळा वाचतो, कॅथेटरही (औषध देत राहण्याची बारीक नळी) नीट टिकतो. अडचण खोलीची: ५–६ सेंमी किंवा जास्त. इतक्या तिरक्या सुईवरून ध्वनिलहरी सोनोग्राफीच्या प्रोबकडे परतत नाहीत, म्हणून ती दिसत नाही. शक्य असेल तर हात ९० अंशांत बाजूला घ्या, २–५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब आणि १०० मिमीची सुई वापरा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर नको; तिथली धमनी दाबता येत नाही.

आमची पहिली पसंती ॲक्झिलरी. फुफ्फुस दूर, फ्रेनिक दूर, धमनी दाबता येते. कष्ट मात्र जास्त. जड हाताला आधार द्या, चरबीची घडी रुंद चिकटपट्टीने ओढून धरा, घाम पुसा. हाताच्या मीडियन, अल्नर, रेडियल या नर्व्हना प्रत्येकी ५–७ मिली; मस्क्युलोक्युटेनियस वेगळी शोधून ५ मिली. धमनीमागची रेडियल सर्वाधिक सुटते. दंडावरच्या टुर्निकेसाठी (रक्त थांबवणारा पट्टा) इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्हला काखेच्या आतल्या बाजूला त्वचेखाली ३–५ मिली द्या. हात बाजूला घेताच येत नसेल, किंवा शस्त्रक्रिया कोपरावरच असेल, तर इन्फ्राक्लॅव्हिक्युलरकडे वळा.

मात्रा प्रत्यक्ष वजनावर काढू नका. १६५ सेंमी उंचीच्या, १२० किलोच्या पुरुषाचे आदर्श वजन सुमारे ६५ किलो. रोपिव्हाकेन (बधिर करणारे औषध) ३ मिग्रॅ प्रतिकिलोने कमाल १९५ मिग्रॅ, म्हणजे ०.५ टक्क्याचे ३९ मिली. त्यातले ८–१० मिली राखून ठेवा: ३० मिनिटांनी एखादी नर्व्ह बधिर झाली नसेल, तर गुंगी वाढवण्यापेक्षा तीच कोपराजवळ गाठून ४–५ मिली द्यावे. अशा रुग्णात अर्धवट गुंगीत श्वासमार्ग बंद होतो.